मोती, राणी आणि गावाकडची वाट

मे महिना लागला की उधना स्टेशनात अर्धा खानदेश गोळा होतो. साड्यांचे गठ्ठे, पोत्यात बांधलेला नवा कुकर, माहेरच्या भाचरांसाठी घेतलेले कपडे, आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात खिडकीतून आत सरकवलेली पोरं. यंदा आखाजी एप्रिलमध्येच येऊन गेली. गुजरातच्या शाळांना सुटी लागली ती त्यानंतर. त्यामुळे आखाजीचा झोका आणि खापरावरची पुरणपोळी सुरतच्या लेकींच्या वाट्याला आलीच नाही. तरी गावाकडे जायचं ते जायचंच. सुटी, लग्नं आणि आंबे, एवढी कारणं पुरतात.

या सगळ्या गर्दीत एक गोष्ट मात्र कधी दिसत नाही. ती म्हणजे कुत्रं. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागात गल्लोगल्ली कुत्री पाळलेली आहेत. खोली दहा बाय बाराची असली तरी दारात एखादा मोती किंवा टायगर असतोच. मग मे महिन्यात ही कुत्री जातात कुठं? याचं उत्तर हवं असेल तर सुटी लागल्यावर चार दिवसांनी डिंडोलीच्या एखाद्या गल्लीतून चक्कर मारावी. दाराला कुलूप, उंबऱ्याशी वाळलेल्या भाकरीचे तुकडे, उलटी झालेली पाण्याची वाटी आणि कुलपाकडे तोंड करून बसलेलं कुत्रं. शेजारीण सांगते, 'दिवसातून दोनदा टाकते मी, पण खात नाही मेलं.' आणि शेजारीणही पुढच्या आठवड्यात गावाला जाणार असते.

माझी धाकटी बहीण डिंडोलीत राहते. मेहुणे पूर्वी संच्यावर होते, आता स्वतःच्या ईको गाडीतून साड्यांची पार्सलं रिंगरोडच्या मार्केटला पोचवतात. बहीण घरी बसून साड्यांना स्टोन लावते. घरात दोन कुत्री. मोती बारा वर्षांचा, गावठी, पांढऱ्या रंगाचा, आता डोळ्यांत थोडी साय आलेला. राणी दोन वर्षांची, तिला सगळं जग खेळायला बोलावतंय असं वाटतं. गेली काही वर्षं बहीण गावाला येते ती या दोघांना घेऊनच. यंदा कॉलेजच्या परीक्षा आटोपून मी तिच्याकडे गेलो होतो. परत येताना त्यांच्याच गाडीत बसलो, आणि 'कुत्र्यांना कशाला एवढ्या उन्हात न्यायचं' असं विचारून पाहिलं. ती म्हणाली, "भाऊ, त्याले सोडीसन मी येवाव नही."

तिच्या या 'येवाव नही'ला इतिहास आहे.

सुरत आणि खानदेश यांचं नातं तापीइतकंच जुनं म्हणायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली आणि वाट सोपी झाली. आमच्या गावची पहिली पिढी १९७२ च्या दुष्काळानंतर गेली ती यंत्रमागावर. पोट तिकडं आणि जीव इकडं, असा हा संसार. एरवी माणसं सवडीनं, सणाला गावी येतात. पण जीव मुठीत धरून यावं लागलं असेही प्रसंग आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीनं सुरत रिकामी झाली, तेव्हा आमच्या गावात एका रात्रीत चाळीस माणसं उतरली होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. आपल्या प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या पुलाखालून गेलेलं तेच पाणी. बहीण तेव्हा वेडरोडला भाड्यानं राहायची. तीन दिवस चाळीच्या गच्चीवर काढले. तेव्हाचा कुत्रा काळू गच्चीवर सोबत होता, आणि हेलिकॉप्टरमधून पडलेल्या पाकिटातली पुरी त्यालाही मिळाली. ही गोष्ट ती आजही हसून सांगते.

२०२० ची गोष्ट मात्र ती हसून सांगत नाही. लॉकडाऊनमध्ये खातं बंद, पगार बंद, घरमालक भाड्यासाठी दारात. मे महिन्यात एका टेम्पोत बारा माणसांबरोबर जागा मिळाली. टेम्पोवाला म्हणाला, कुत्रं घेणार नाही. मोती तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याला शेजाऱ्यांकडे सोपवलं, पिठाची पिशवी दिली, पाचशे रुपये दिले. दहा दिवसांनी शेजारीही बिहारला निघून गेले. बहीण परत गेली ती दिवाळीच्या सुमारास. मोती गल्लीच्या तोंडाशी होता. बरगड्या मोजाव्यात असा, एका कानाचा तुकडा गेलेला. तिला पाहून तो धावत आला नाही. जागीच बसून राहिला आणि शेपटी हळूहळू जमिनीवर आपटत राहिला. ती सांगते, तो अंगावर उड्या मारत आला असता तर मला एवढं लागलं नसतं.

आता कुणी म्हणेल, रेल्वेनं का नेत नाही? रेल्वेत कुत्रं नेता येतं, नियम आहे. फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा पूर्ण केबिन आपल्या नावावर असेल तर कुत्रं सोबत बसू शकतं. नाहीतर पार्सल ऑफिसात बुक करून गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवायचं. स्लीपर, जनरल, थ्री टायर, कुठंच चालत नाही. भुसावळ पॅसेंजरला फर्स्ट क्लासच नाही, तेव्हा कूपेचा प्रश्न मिटला. राहिली गार्डाच्या डब्यातली पेटी. पत्र्याची आणि अंधारी. मे महिन्यात दुपारी त्या पेटीत आपण स्वतः दहा मिनिटं बसून पाहावं आणि मग कुत्र्याची पावती फाडावी. एसटीचं तर बोलायलाच नको. कुत्रं दिसलं की कंडक्टर आधी घंटी मारतो आणि मग विचारतो, काय आहे.

म्हणून ईको. मेहुण्यांनी मागची जागा अशी सजवली होती की पाहत राहावं. खाली जुनी गोधडी, तिच्यावर ओलं पोतं, खिडक्यांना साडीच्या नापास झालेल्या पीसचे पडदे, वीस लिटरचा पाण्याचा जार, स्टोव्ह, भाकरीचा डबा, कैरीचं पन्हं. भाचा म्हणाला, "मामा, ही आपली कॅरव्हॅन." महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात झोपायची सोय आणि स्वयंपाकघर असलेल्या गाड्यांची कल्पना आहे. आमच्या कॅरव्हॅनमध्ये वातानुकूलन म्हणजे ओलं पोतं, आणि पर्यटक म्हणजे मोती आणि राणी.

बेत असा होता की पहाटे तीनला निघायचं आणि ऊन चढायच्या आत नंदुरबार गाठायचं. दोघांनाही रात्री हलकंच खाऊ घातलं होतं, कारण भरल्या पोटी कुत्र्याला गाडी लागते. पण रात्री मार्केटमधून फोन आला. एक पार्सल सकाळी पोचवल्याशिवाय पुढच्या महिन्याचं काम मिळणार नव्हतं. ज्याचं पोट भाड्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. पार्सल पोचवून निघेपर्यंत साडेदहा झाले.

कडोदऱ्यापर्यंत ट्रकांची रांग. बारडोली आली तेव्हा बारा वाजत होते. मोती बसल्या बसल्या धापा टाकत होता, पण गाडीत तो नेहमीच धापतो म्हणून कुणाला विशेष वाटलं नाही. व्याऱ्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, एक ट्रक आडवा झालेला, आणि गाड्या जागच्या जागी उभ्या. चालत्या गाडीला निदान वारा असतो. उभ्या गाडीचा पत्रा तापतो आणि आत भट्टी होते. बंद गाडी उन्हात ठेवली तर अर्ध्या तासात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढतं. आमच्या खिडक्या उघड्या होत्या, तरी पाऊण तास त्या रांगेत काढल्यावर राणी पोत्यावर पालथी पसरली, आणि मोती उभा राहायला गेला तो मागच्या पायांवर कोसळला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळं काम जीभ आणि धाप यांच्यावर. हवाच तापलेली असली की धापून उपयोग होत नाही, उलट शरीर अजून तापतं. म्हातारं कुत्रं, लठ्ठ कुत्रं आणि पगसारखं चपट्या तोंडाचं कुत्रं आधी पडतं. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, बहिणीला ठाऊक होतं. तिनं मोतीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. विटेसारख्या लाल. लाळ चिकट दोरीसारखी लोंबत होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "गाडी खाली घ्या."

रस्त्याच्या कडेला उतारावर एक मोठा मोह होता आणि पलीकडे हातपंप. सोनगडच्या अलीकडचा तो गामीत वस्तीचा भाग. मेहुण्यांनी मोतीला उचलून सावलीत आणलं. आम्ही जारमधलं पाणी ओतायला लागलो. उधन्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लागला, ते बोलत राहिले आणि बहीण करत राहिली. पाणी पाठीवर नव्हे, पोटावर, जांघेत, पंजांवर, कानांवर. साधं पाणी, बर्फ नाही. बर्फानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच राहते. वारा घालत राहायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. भाचा पुठ्ठ्यानं वारा घालत होता आणि रडत होता. वस्तीतल्या दोन बाया आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. एकीनं पंप हापसायला घेतला, दुसरीनं घरून घमेलं आणलं. मी माझ्या पुस्तकी गुजरातीत आभार मानायला गेलो तर तिनं हातानंच सांगितलं, ते राहू दे, हंडा धर.

वीस-पंचवीस मिनिटांनी मोतीनं मान उचलली. घमेल्यातलं पाणी दोन-चार घोट चाटलं. मी म्हणालो, चला, निभावलं. फोनवरचे डॉक्टर म्हणाले, निभावलं असं समजू नका. उन्हाचा झटका बसलेलं कुत्रं तासाभरात उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडानं जातं. दवाखाना गाठा.

नवापुरात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. डॉक्टर जेवायला घरी गेलेले, निरोप मिळताच आले. मोतीचा ताप अजून एकशे चारच्या वर होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान एकशे एक ते अडीच, हे सांगून त्यांनी बहिणीला धीर दिला, की तुम्ही वाटेत पाणी ओतलं नसतं तर हा इथवर आला नसता. सलाईन लागली. चार वाजले, पाच वाजले. नवापूरला बर्ड फ्लूच्या वेळी, फेब्रुवारी २००६ मध्ये, देशभरचे पत्रकार आले होते. त्या वर्षी गावातल्या कोंबड्या कशा मारून पुरल्या याच्या आठवणी दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं काढल्या. तो शेळी घेऊन आला होता. त्याचा हात पूर्ण वेळ शेळीच्या मानेवर होता.

भाच्याला घेऊन मी स्टेशनावर चहाला गेलो. नवापूरचं स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटावर सीमारेषा, एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. भाच्यानंही काढला. मग म्हणाला, "मामा, मोती मेला असता तर तो गुजरातमध्येच मेला असता ना?" त्याला काय उत्तर द्यायचं? मी मराठी शिकवतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरानं कुत्र्याला मागं टाकून इंद्राच्या रथात चढायला नकार दिला, ही गोष्ट त्याला सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "इंद्राच्या रथाला एसी होता का?"

डॉक्टरांनी सूर्य मावळल्याशिवाय हलू नका म्हणून बजावलं. तसंच केलं. सात वाजता निघालो, विसरवाडीहून नंदुरबारच्या रस्त्याला लागलो. वारा आता अंगाला सोसेल असा होता. मोती पोत्यावर आडवा, डोळे उघडे. दर तासाला थांबून दोघांना पाणी. गाडीतून उतरवण्याआधी साखळी हातात पक्की. राणीनं खिडकीबाहेर तोंड काढायचा हट्ट धरला, तो बहिणीनं मोडला. धूळ आणि खडे डोळ्यांत जातात, आणि ट्रक किती जवळून जातो ते कुत्र्याला कळत नाही.

नंदुरबारच्या अलीकडे एका नांगरून ठेवलेल्या शेतात ठेलारींचा वाडा उतरलेला दिसला. गाडी थांबवली, मेहुण्यांना चहासाठी विस्तव हवा होता. साक्रीकडची ही मंडळी. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, वाटेतल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात, त्याचे धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या सुमारास गावाकडे परततात. घोड्यावर सगळा संसार. पाल, भांडी, वर बांधलेली कोंबडी, कोकरू, कधी कधी तान्हं मूलही. आणि सोबत कुत्री. आमच्या गाडीतून उतरणारा पांढरा म्हातारा कुत्रा पाहून तिथली तीन कुत्री गुरगुरत पुढं आली. वाड्यातल्या म्हातारबाबांनी एकच हाक दिली, तिघंही जागच्या जागी बसली.

बाबांना मी मोतीची दुपार सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आम्ही साडेदहाला निघालो याचं. त्यांचा वाडा पहाटे चालतो, दहाच्या आत झाडाखाली येतो, आणि ऊन कललं की पुन्हा उठतो. कुत्री दुपारी ओढ्याच्या ओल्या वाळूत खड्डा करून त्यात पोट टेकून पडतात, ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. बिबट्या आला तर हीच रात्रभर जागतात, म्हणून दिवसा त्यांना चालवून दमवायचं नाही, हा त्यांचा हिशेब. जे आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, त्यातलं निम्मं या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. एक मात्र त्यांच्याकडे नव्हतं, ते म्हणजे रेबीजची लस. बहिणीनं दोघांचे लसीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवले होते. तिनं बाबांच्या सुनेला बसवून सांगितलं की कुत्रं चावलं तर हळद-चुना भरत बसू नका, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्या, सगळी घ्या, मधेच सोडू नका. सून मन लावून ऐकत होती. बाबा चिलीम ओढत होते.

घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव, वीज गेलेली, माय ओट्यावर कंदील घेऊन बसलेली. लेकीची दृष्ट काढली, नातवाच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीच्या मागच्या दाराकडे पाहून म्हणाली, "घरमा कुत्रं चालाव नही हां." दरवर्षीचंच वाक्य. मोती आणि राणीची सोय दरवर्षीप्रमाणे अंगणात, निंबाखाली.

पण मोती यंदा उठून निंबाखाली गेला नाही. मेहुण्यांनी उचलून नेलं तर मान टाकून पडला. बहीण त्याच्याजवळ गोणपाटावरच झोपली. माय दोनदा बाहेर येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती थंड पाण्याचा डेरा घेऊन. लग्नातला जुना डेरा, ज्याला आम्हालाही हात लावू देत नाही. तो तिनं मोतीच्या डोक्याशी ठेवला.

दोन-तीन दिवसांत मोती भाकरी-दूध खायला लागला. लघवी नीट होते आहे ना, याच्यावर नवापूरच्या डॉक्टरांनी फोनवरून लक्ष ठेवलं. पुढं गावात नेहमीचं चाललं. लग्नं झाली, पापड झाले, राणीनं शेजारच्या दोन कोंबड्या पळवल्या आणि त्याचे पैसे मेहुण्यांनी भरले. मोती मात्र ओट्याच्या पायरीशी, मायच्या जात्याशेजारी बसून राहायचा. माय शेंगा फोडत त्याच्याशी बोलायची. आमच्याशी बोलत नाही इतकं बोलायची.

जून लागला. शाळा उघडायला चार दिवस राहिले तेव्हा मायनं विषय काढला. "ऱ्हाऊ दे त्याले आठेच. माले बी सोबत व्हई." म्हाताऱ्या जीवाला पुन्हा दोनशे किलोमीटर कशाला हिंडवता, पुढच्या आखाजीपर्यंत तो राहील की नाही कुणास ठाऊक, इथं सावली आहे, पाणी आहे, मी आहे. सगळं खरं होतं. मेहुणेही मान हलवत होते. मीही तिच्याच बाजूनं बोललो.

बहीण दोन दिवस काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी पहिला पाऊस पडून गेला, हवा निवली. रात्री जेवणं झाल्यावर तिनं गोधडी झटकली, पोतं ओलं केलं आणि गाडीत पसरलं. रात्री अकराला निघायचं ठरलं. माय समजून गेली. घरात जाऊन तिनं भाकरीची एक चवड फडक्यात बांधून आणली आणि लेकीच्या हातात देताना म्हणाली की वरच्या चार तुमच्या, खालच्या दोन बिनमिठाच्या आहेत, त्या त्याच्या.

पहाटे साडेचारला डिंडोलीहून फोन आला. पोचलो, दोघं पाणी प्यायले, मोती गल्लीच्या तोंडाशी उतरून स्वतःच्या पायांनी दारापर्यंत चालत गेला. मायनं फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, भाकर खाल्ली का त्यानं.